धक्क्यावरचा खून कसा रचतात?

दहा रुपयांची एक जुनी नोट समोर धरा. छपाई भारतीय रिझर्व्ह बँकेची, अशोकस्तंभ जागच्या जागी, खाली गव्हर्नरांची सही. पण रंग नेहमीचा नाही आणि क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर आहे. ही नोट खोटी नाही, तरीही १९६० साली मुंबईतल्या दुकानदाराने ती घेतली नसती. भारताच्या रिझर्व्ह बँकेने छापलेली ही नोट भारतात चालतच नव्हती!

याचं कारण सोनं. १९५९ पर्यंत आखातातल्या बाजारांत आपलाच रुपया चालत असे. आखातातून सोनं चोरून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं, त्याच्या मोबदल्यात रुपये तिकडे जायचे, तिथल्या बँकांतून रिझर्व्ह बँकेकडे परत यायचे आणि त्या बदल्यात भारताला पौंड मोजून द्यावे लागायचे. परकीय चलन असं झिरपून जाऊ लागलं तेव्हा सरकारने मे १९५९मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराच्या नोटा काढल्या. त्या आखातात चालायच्या, इथे नाही. पुढे एकेका बंदराने हा रुपया वेगवेगळ्या वेळी सोडला. कुवेतने १९६१ साली. बहरीनने ऑक्टोबर १९६५मध्ये, दहा रुपयांना एक दिनार या हिशेबाने. ६ जून १९६६ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा कतार आणि दुबईनेही तो सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला.

इतिहासाच्या अभ्यासकाला एवढं पुरेल. रहस्यकथा लिहिणाऱ्याला मात्र ही नोट १९६७ सालच्या गिरगावात, एका मेलेल्या माणसाच्या पाकिटात दिसते. घरचे शपथेवर सांगतात की हा कधी वसईच्या पलीकडे गेला नव्हता. मग ही नोट त्याच्याकडे आली कशी? हा प्रश्न पडला की लेखकाच्या मनात पुस्तकाचं बी पडलं म्हणायचं. त्या बीचं पुस्तक कसं होतं, आणि एका पुस्तकाच्या पोटात पुढची दहा कशी दडलेली असतात, हे पाहू लागलं की मला दर वेळी थक्क व्हायला होतं.

या कथेतली आखाताकडची जागा म्हणून आपण मीना सलमान घेऊ. बहरीनच्या राजधानीत, मनामाच्या आग्नेय टोकाला, जुफैर वस्तीला लागून हे बंदर आहे. १९४२ ते १९६१ या काळात राज्य करणाऱ्या शेख सलमान बिन हमद अल खलिफा यांचं नाव त्याला दिलेलं आहे आणि ते १९६२ साली सुरू झालं. त्याआधी खोल बुडाची जहाजं दूर समुद्रात नांगर टाकून थांबत आणि माल होड्यांत उतरवून किनाऱ्यावर आणावा लागे. १९३२ साली बहरीनमध्ये तेल सापडलं, आवक वाढली, आणि असा उतारा परवडेनासा झाला. मुंबईशी या बेटाचं नातं त्याहूनही जुनं. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची जहाजं मुंबई, कराची, मस्कत करत आखातात फिरत. २००९मध्ये व्यापारी मालाची वाहतूक हिद्दजवळच्या नव्या खलिफा बिन सलमान बंदराकडे गेली. मीना सलमानच्या शेजारी अमेरिकी नौदलाचा मोठा तळ आहे, त्यांच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय तिथेच आहे. ब्रिटिश नौदलानेही २०१८ साली इथे आपलं ठाणं उघडलं.

म्हणजे एकाच धक्क्यावर कस्टम, खलाशी, हमाल, व्यापारी आणि नौदल. रहस्यकथेला लागणारी सगळी माणसं तिथे आधीच हजर आहेत. त्यांच्यात गुन्हा पेरायचा आहे, आणि पेरणी शेवटाकडून सुरू होते.

ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा खरंच अंगावर काटा येतो. आपण पहिल्या पानापासून अंधारात चाचपडत पुढे जातो. लेखक मात्र शेवटच्या पानावरून, लख्ख उजेडातून मागे येत असतो. एडगर अ‍ॅलन पो याने १८४६ सालच्या एका निबंधात हे उघडच सांगितलं: शेवट डोळ्यांसमोर असेल तरच मधल्या प्रत्येक घटनेला कारण मिळतं. विल्यम गॉडविन या इंग्रज लेखकाने १७९४ साली ‘केलब विल्यम्स’ ही कादंबरी लिहिली. तिचा तिसरा खंड आपल्याला आधी सुचला, मग दुसरा, मग पहिला, असं त्याने पुढे स्वतः नमूद केलं आहे. हेरकथा हा प्रकार अजून जन्मायचा होता, पण त्याची रीत सापडली होती.

फ्रेंच समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली या प्रकाराचा सांगाडाच उलगडून दाखवला. प्रत्येक रहस्यकथेत दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, ती पुस्तक सुरू होण्याआधीच घडून गेलेली असते. दुसरी तपासाची, ती आपल्यासमोर घडते. पहिली कथा कुणी सांगत नाही, ती दुसरीतून हळूहळू खणून काढावी लागते. लेखकाला मात्र दोन्ही लिहाव्या लागतात, आणि पहिली आधी, सबंध, तारीखवार; मग ती पुरून टाकायची.

आपल्या गिरगावच्या मृताची ही पुरलेली कथा रचून पाहू. माणूस सोन्याच्या व्यवहारात होता असं धरू. त्या काळी चोरटं सोनं दहा तोळ्यांच्या बिस्किटांत येई आणि कप्पे शिवलेल्या जाकिटांतून अंगावर बांधून नेलं जाई. आता साधा गुणाकार करा. दहा तोळे म्हणजे सुमारे ११६ ग्रॅम. अशी शंभर बिस्किटं अंगावर घेतली तर साडेअकरा किलोंहून जास्त भार. एवढं वजन पोटापाठीला बांधलेला माणूस खुर्चीतून सहज उठत नाही, वाकून चपलेचा पट्टा लावत नाही, आखाती उन्हाळ्यातही सदऱ्याची गुंडी सोडत नाही. हे कादंबरीकाराचं सोनं! कारण आता तिसऱ्या प्रकरणात एखादा पोरगा सहज बोलून जाऊ शकतो, ‘काका त्या दिवशी माझी पडलेली गोटी उचलून द्यायला वाकले नाहीत, एरवी नेहमी द्यायचे.’ वाचक हे वाक्य घरगुती म्हणून सोडून देईल. दीडशे पानांनंतर तेच फासाचा दोर ठरेल.

आणि खुनी? त्याला पकडण्यासाठी आपल्याकडे नोटेचा इतिहास आहे. संशयित सांगतो, ‘मी १९६७ साली मनामातच होतो, मीना सलमानच्या फाटकाबाहेर चहा पीत होतो, पैसे रुपयांत दिले, चहावाल्याला विचारा.’ जबाब नीट आहे, तपशील भरपूर आहेत. फक्त बहरीनने दोन वर्षं आधीच दिनार आणलेला होता. ज्याला अजूनही रुपयांत चहा आठवतो तो त्या वर्षी मनामात नसणार, कदाचित मस्कतमध्ये असेल, कारण तिथे रुपया अजून चालत होता. एक चहा, एक चलन, आणि खोटं उघडं. लेखकाने वाचकाला फसवलेलंही नाही. चलन कधी बदललं हे त्याने पन्नासाव्या पानावर, एखाद्या कारकुनाच्या तक्रारीतून सांगूनच टाकलेलं असेल. या प्रकाराची खरी नीती तीच: सगळं समोर ठेवायचं आणि तरीही दिसू द्यायचं नाही.

खरा गुन्हा इतका शिस्तीचा नसतो. याच जलमार्गावर चालणारं ‘दारा’ नावाचं प्रवासी जहाज ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटलं आणि पुढे बुडालं. २३८ माणसं गेली. स्फोट बहुधा मुद्दाम घडवलेला होता असा निष्कर्ष चौकशीत निघाला, पण त्यासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. त्या घरांना शेवटचं पान मिळालंच नाही. रहस्यकथा लोक पुन्हा पुन्हा का वाचतात याचं सर्वांत खरं उत्तर मला इथे दिसतं. जगात जो हिशेब अर्धा राहतो तो पूर्ण झालेला पाहण्याची भूक माणसाला असते. ती भागवणारा लेखक हलकंफुलकं काम करतो असं मी मानायला तयार नाही.

हे काम रोज कसं होतं ते पाहू. जॉर्ज सिमेनॉन पिवळ्या मोठ्या लिफाफ्यावर माणसांची नावं, वयं, पत्ते, नातीगोती लिहून काढत असे. नावांसाठी टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या चाळायचा. मग दार बंद करून रोज एक प्रकरण, आणि दीड-दोन आठवड्यांत कादंबरी हातावेगळी. मेग्रे या पोलीस अधिकाऱ्याच्या पंचाहत्तर कादंबऱ्या त्याने अशा लिहिल्या. सिमेनॉनला शेवट आधी ठाऊक नसे. माणसं पक्की असली की ती आपोआप शेवटाकडे ढकलली जातात यावर त्याचा विश्वास होता. अगाथा ख्रिस्तीची तऱ्हा वेगळी. तिच्या ७३ वह्या मागे राहिल्या. जॉन करन या अभ्यासकाने त्या वाचून २००९ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या वह्यांत विषाच्या मात्रेशेजारी बाजारहाटाची यादी आहे, ब्रिजच्या डावाचे गुण आहेत, आणि एकाच खुनासाठी चार-पाच वेगवेगळे खुनी लावून पाहिलेले आहेत. जिच्या कथांत एक टाका सैल नसतो तिच्या वह्या अशा विस्कटलेल्या! मला हे फार आवडतं.

आणि आपले बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. मुंबईत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने १९३६ ते १९८४ या काळात १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने लिहिल्याची नोंद गिनीज बुकात झाली. हा आकडा आपण फार सहज म्हणून टाकतो. जरा मांडून पाहा. ४८ वर्षं भागिले १,०९२, म्हणजे दर सोळा दिवसांना एक पुस्तक. आजारपण, लग्नकार्यं, गणपती, महायुद्ध, स्वातंत्र्य, राज्याची निर्मिती, सगळं धरून. सोळा दिवसांत नवा गुन्हा, नवा शेवट, नवी पुरलेली कथा.

हे शक्य कसं झालं? निव्वळ वेगाने नाही. अर्नाळकरांनी आपल्या पुढच्या पुस्तकांची सोय नायकांमध्येच करून ठेवली होती. धनंजय हा खाजगी गुप्तहेर, बरोबर छोटू. झुंजार आणि काळापहाड हे कायद्याच्या चौकटीबाहेर जाऊन दुष्टांना धडा शिकवणारे. कुठला नायक घ्यायचा हे ठरलं की प्रश्नाची जातही ठरते. धनंजय आला की वाचक विचारतो, कुणी केलं? झुंजार आला की विचारतो, आता हा सुटणार कसा? अशा नायकांच्या भोवती पुस्तकं एकामागून एक उभी राहतात, कारण प्रत्येक नायक एका वेगळ्या कुतूहलाला हात घालतो. आता तर वाटतं, हे त्या काळातलं मराठी गद्यातलं सर्वांत काटेकोर नियोजन असावं. समीक्षेने त्याकडे पाठ फिरवली ही समीक्षेची चूक होती. फिरत्या वाचनालयांत रांग लावणाऱ्या गिरणी कामगारांना आणि शाळकरी पोरांना वाचनाची गोडी ज्यांनी लावली त्यांत हे नाव पहिल्या ओळीत बसतं. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, कॅप्टन दीपचे जनक; त्यांच्याही कादंबऱ्या हजाराच्या पुढे गेल्या, ते २०२१ साली वारले. सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास अशी मंडळीच उभी केली. प्रत्येकाचा मार्ग वेगळा, प्रत्येकासाठी पुस्तकांची वेगळी रांग.

पुढची पुस्तकं मनात ठेवणं हा या धंद्यातला सर्वांत अद्भुत भाग आहे. स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने सुरुवातीलाच ठरवलं: दहा कादंबऱ्या, प्रत्येकी तीस प्रकरणं, सगळ्या मिळून एकच मोठी कथा, देशाचं दशकभराचं चित्र. मुलं झोपली की रात्री दोघं बसत, एकेक प्रकरण आळीपाळीने लिहीत. १९६५ साली पहिलं पुस्तक आलं. १९७५ साली दहावं आलं, आणि त्याच वर्षी वालो वारला. योजना पूर्ण झालेली होती. अमेरिकेच्या सू ग्राफ्टनने १९८२ साली ‘ए’पासून आरंभ करून इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षराला एक कादंबरी द्यायचं ठरवलं. पस्तीस वर्षं तिने ही योजना पाळली. २०१७ साली ‘वाय’ छापून झालं आणि डिसेंबरात ती गेली. ‘झेड’ लिहायचं राहिलं. घरच्यांनी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही. वर्णमाला ‘वाय’लाच संपली, असं त्यांनी सांगितलं.

ख्रिस्तीने तर मृत्यूचीही तजवीज केली. दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बाँब पडत असताना, तिने पॉयरो या आपल्या गुप्तहेराची शेवटची केस ‘कर्टन’ लिहून कुलपात ठेवली. आपण वाचलो नाही तरी नायकाचा शेवट आपल्याच हातून व्हावा, म्हणून. मग तीसेक वर्षं ती पॉयरोच्या नव्या कथा लिहीत राहिली आणि त्या सगळ्या वर्षांत त्याचं मरण कुलपात तयार होतं. ‘कर्टन’ १९७५ साली आलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका काल्पनिक माणसाची मृत्युवार्ता पहिल्या पानावर छापली. चार-पाच महिन्यांनी, जानेवारी १९७६मध्ये, ख्रिस्ती स्वतः गेली.

आपल्या पुण्यातही असं एक अर्धं पान आहे. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ साली बाँबे टॉकीजसाठी मुंबईला आले. चित्रपटांच्या कामात ब्योमकेश सुमारे पंधरा वर्षं गप्प राहिला. वाचकांनी आठवण ठेवली होती म्हणून तो परतला, आणि १९५२ साली शरदिंदू पुण्यात स्थायिक झाल्यावर बहरला. कलकत्त्याच्या गल्ल्यांतले कितीतरी गुन्हे पुण्यात बसून सोडवले गेले! १९७० साली लेखक गेले तेव्हा ‘विशुपाल वध’ ही कथा अपुरी होती. त्यांच्या मनात तिचा खुनी कोण होता हे आता कुणालाही कळणार नाही.

आता पुन्हा बहरीनकडे. २०२३ साली आय. एस. बेरी या अमेरिकन लेखिकेची ‘द पीकॉक अँड द स्पॅरो’ ही कादंबरी आली. ही लेखिका पूर्वी सीआयएमध्ये अधिकारी होती आणि बहरीनमध्ये राहिलेली आहे. तिचा नायक थकलेला, निवृत्तीला टेकलेला हेर, आणि काळ अरब उठावांचा. २०२४ साली या पुस्तकाला पहिल्या कादंबरीसाठीचा एडगर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ज्या पोच्या नावाने दिला जातो त्याने शेवटापासून सुरुवात करायला शिकवलं होतं. सीआयएतून बाहेर पडलेल्यांना आपलं हस्तलिखित छापण्याआधी संस्थेला दाखवावं लागतं. रहस्य जपण्याच्या नोकरीतून रहस्य रचण्याच्या कामाकडे येताना वाटेत असा एक पहारेकरी बसलेला असतो.

त्या पुस्तकात बहरीन दिसतं ते अमेरिकी डोळ्यांतून. मुंबईहून बोटीने गेलेल्या कारकुनाच्या, फिटरच्या, खलाशाच्या, कस्टममधल्या टंकलेखकाच्या डोळ्यांतून दिसणारं बहरीन वेगळं असणार. त्यातला गुन्हा वेगळा, लाज वेगळी, शेवटही वेगळा. तशी मराठी कादंबरी लिहायला घेणाऱ्याला कल्पनाशक्तीच्या आधी तपशील लागतील: पगार कुठल्या नोटांत मिळे, फाटकावर झडती कोण घेई, खोलीत किती जण झोपत, दिनार आला त्या आठवड्यात चहाची किंमत काय झाली, गावाकडच्या पत्रात काय लिहीत नसत. हे दप्तरांत सापडत नाही. ते आखातात गेलेल्या पिढीच्या आठवणीत आहे आणि ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या महिन्यातच त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि सांगतील ते तारखांसकट लिहून ठेवा.